गासच्या घरातून कोण कोण गेलं

गास, नालासोपारा (प.)
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय हंसाआत्या,
नमस्कार.

मी तेजस्वी. बळीराम नाईकांची मुलगी, म्हणजे तुमची भाची. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मीही तुम्हाला एका फोटोतच पाहिलंय, आणि त्यातही तुमचा अर्धा चेहरा आजीच्या पदराआड आहे. पत्ता आईने दिला. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. कांदा चिरता चिरता तिने तो पिनकोडसकट तोंडपाठ सांगितला. तुम्हाला कमी ऐकू येतं, फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिही, असंही म्हणाली. तुम्ही दिवाळीला तिला गुपचूप कार्ड पाठवता हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या, मी अठ्ठावीस वर्षांची आहे. वालीवला औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे लॅबमध्ये काम करते. माझा धाकटा भाऊ प्रितेश बावीस वर्षांचा असताना पुण्याला गेला, दोस्तांबरोबर फ्लॅट करून राहिला. त्या दिवशी बाबा स्वतः टेंपोवर चढून त्याची गादी दोरीने बांधत होते आणि नाक्यावरच्या सगळ्यांना ऐकवत होते, "पोराने या वयात घराबाहेर पडलंच पायजे. त्याशिवाय अक्कल येत नाय."

मी मागच्या डिसेंबरात तेच म्हटलं. माझ्याबरोबर काम करणारी नॅन्सी आणि मी, दोघींनी मिळून गोखिवऱ्याला एक खोली बघितली होती. कंपनीपासून चालत जाता येतं. मालक एरॉल अंकल, नॅन्सीच्या ओळखीचे, साधा माणूस. बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसतं "बघू" म्हणाले. मी वेड्यासारखी खूश झाले, दोन चादरीसुद्धा घेऊन आले.

आठवड्याभरात एरॉल अंकलनी नाही म्हणून कळवलं. कारण सांगेनात. नॅन्सी माझ्याशी नजर मिळवेना. शेवटी कँटीनमध्ये मी तिचा हात धरून ठेवला तेव्हा तिने सांगितलं. बाबा तिथे जाऊन आले होते. आमच्या वाडीतल्या केळ्यांचा घड घेऊन गेले होते. आणि म्हणाले होते, "पोरीला फिटा येतात. कुठंबी पडते. उद्या तुमच्या बाथरूमात काय झालं तर मला बोलू नका. बाप आहे म्हनून सांगतो."

मला आयुष्यात साधी चक्करही आलेली नाही.

मी बाबांना अजून काही बोललेले नाही. रोज त्यांना जेवायला वाढते. ते विचारतात, "खोलीचं काय झालं गं?" मी म्हणते, नाही जमलं. ते म्हणतात, "जाऊ दे. आपलं घर काय वाईट हाय?" हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका मायेचा होतो की मला हातातलं पातेलं त्यांच्या अंगावर टाकावंसं वाटतं.

घरात तुमचं नाव निघालं की बाबा उठून जातात. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही पळून गेलात, एवढंच मला माहीत आहे. कशा गेलात ते मला सांगा. पण मला नुसतं जायचं नाहीये. त्यांनी जे केलं ते त्यांना लागलं पाहिजे, असं लागलं पाहिजे की केळी सोलतानासुद्धा आठवेल.

उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. तो मागे लिहिला आहे.

तुमची,
तेजस्वी


देवरुख
१३ फेब्रुवारी २०२४

चि. तेजस्वी,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मला "तुम्ही" म्हणू नकोस. आत्याला कोणी तुम्ही म्हणतं का? दुसरी गोष्ट, मी पळून गेले नव्हते.

मी पालघरला डी.एड.ला गेले होते. बापूंनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, स्वतः फॉर्मवर सही केली होती. बळीरामला मात्र माझं लग्न उरकायचं होतं. त्याच्याबरोबर फुलांचा धंदा करणारा एक जण होता, त्याला त्याने शब्द दिला होता. मी नाही म्हटलं आणि ट्रंक घेऊन हॉस्टेलला निघाले. त्या दिवशी बस चुकली, म्हणून गावातल्या श्रीपतच्या टेंपोतून सोपाऱ्याच्या स्टेशनपर्यंत गेले. एवढंच बळीरामला पुरलं. तो गावभर ओरडला नाही. सकाळी वाडीवर टोपल्या भरताना, मान खाली घालून, लाज वाटल्यासारखं एकेकाला म्हणाला, "हंसा श्रीपतबरोबर गेली. काय करनार, बहीण हाय."

श्रीपतला त्याच्याच भावांनी मारलं. बापू हॉस्टेलवर कधी आले नाहीत. मी लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. पुढे मला इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, इथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं, ते आता नाहीत. बापू गेल्याचं मला सोपाऱ्याच्या एका बाईकडून दोन महिन्यांनी कळलं.

तुझ्या बापाला खोटं बोलताना राग येत नाही, त्याला माया येते. म्हणून लोक विश्वास ठेवतात. रागावलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, पण दुःखी बापाचं, दुःखी भावाचं सगळे ऐकतात.

म्हणून तू घरात भांडू नकोस. घरात भांडलीस तर ते घरातच राहील आणि उद्या तो बाहेर जाऊन सांगेल की पोरीला झटका आला होता. चार लोक जमतील अशी वेळ शोध. त्या लोकांत असं कोणी तरी हवं, ज्याच्यापुढे मान खाली घालणं त्याला परवडणार नाही. माझ्याकडे तेव्हा असे लोक नव्हते. मी हॉस्टेलच्या खिडकीशी बसून रडत राहिले. तू रडू नकोस.

तोवर रोज वाढत जा. गरम गरम वाढ.

तुझी,
हंसाआत्या


गास
१० मार्च २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवलंय. मधल्या सुट्टीत काढून वाचते.

तू म्हणालीस तशी वेळ येतेय. प्रितेशचं लग्न ठरलं. वर्षभरापूर्वी तो पुण्याहून मुंबईच्या ऑफिसात आला, तेव्हापासून घरीच राहतो. मुलगी विरारची, उन्नती, त्याच्याच ऑफिसात आहे. तिचे वडील कदम सर मुख्याध्यापक होते. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात आणि "सर, सर" करतात. घराण्याबद्दल इतकं बोलतात की आई मधेच चहा आणायला उठते. एकवीस एप्रिलला सोपाऱ्याच्या हॉलमध्ये साखरपुडा आहे. अख्खं गास येणार.

पण आत्या, हा प्रितेशचा दिवस आहे. त्याचं काय चुकलं? उन्नती तर मला आवडते. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं होतं, "ताई, तुम्ही लॅबमध्ये नक्की काय तपासता?" आमच्या घरात हे अजून कोणी विचारलेलं नाही.

आणि आई. तिचं काय होईल?

तुझी,
तेजू


देवरुख
१८ मार्च २०२४

चि. तेजू,

प्रितेशचं काय चुकलं विचारतेस. तो टेंपोत बसला तेव्हा एकदा तरी म्हणाला का, "ताईला का नाही?" नाही ना. ज्याला सगळं मिळतं त्याचं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून तर त्याला सगळं मिळतं.

आईची काळजी नको. बायकांना सवय असते.

आरोप करू नकोस. प्रश्न विचार, तोही बापाला नाही, त्या सरांना. मग बळीरामपुढे दोनच वाटा राहतील. एक, मुलीला फिट येतात असं म्हणायचं, म्हणजे घराण्यात आजार आणि हातातली सोयरीक जाते. दुसरी, मी खोटं बोललो म्हणायचं. कुठल्याही वाटेने जाऊ दे त्याला. मी इथे बसून टाळ्या वाजवीन.

बॅग आधी भरून ठेव. नंतर घरी जायला लागता कामा नये.

हंसाआत्या


गोखिवरे, वसई (पूर्व)
२४ एप्रिल २०२४

प्रिय आत्या,

पत्ता बघ.

सगळं सांगते. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत कदम सर, त्यांची बायको, काका-मामा. नॅन्सी तिसऱ्या रांगेत होती, तिला मी पुढे बसायला सांगितलं होतं पण तिची हिंमत झाली नाही. मुलाची बहीण म्हणून उन्नतीला हळदकुंकू मी लावायचं होतं. ते लावलं. तिची ओटी भरली. आणि हात पुसता पुसता कदम सरांना म्हटलं, "काका, मला फिट येतात हे बाबांनी तुम्हाला सांगितलंय ना?"

त्यांच्या हातात नारळ होता. "काय येतात?"

"फिट. कुठेही पडते म्हणे मी. बाबांनी गोखिवऱ्याला घरमालकांना सांगितलं, म्हटलं तुम्हालाही सांगितलं असेल. लग्नाआधी कळलेलं बरं."

बाबा हसले. "मस्करी करते पोरगी."

"नॅन्सी," मी म्हटलं, "एरॉल अंकल काय म्हणाले ते सांग."

नॅन्सी उठली. तिचा आवाज स्पष्ट होता. केळ्यांच्या घडापासून सगळं सांगितलं तिने.

कदम सरांनी नारळ खाली ठेवला. "बळीरामशेठ, मुलगी आजारी आहे का?"

आत्या, बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी बांगड्या सारख्या करत उभी होते. मग आईकडे बघितलं. आई तांदळाच्या ताटाकडे बघत होती. मग ते म्हणाले, "नाय. ठणठणीत हाय."

"मग तुम्ही त्या गृहस्थांना तसं का सांगितलंत?"

बाबांनी सरांनी ठेवलेला नारळ उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "खोटं बोललो." इतकं हळू की मागून कोणीतरी ओरडलं, "काय म्हनाले?" आणि बाबांना परत म्हणावं लागलं. मोठ्याने. "खोटं बोललो म्हनालो."

मला वाटलं होतं मला रडू येईल. मला भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

प्रितेश माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, दुसरा दिवस नव्हता का तुला?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी लोक नसते." उन्नतीने मात्र सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "साखरपुडा होऊ दे. पण आपण तुझ्या वडिलांच्या घरात राहायचं नाही. विरारला वेगळं घर बघायचं." तो हो म्हणाला. म्हणजे बाबांची दोन्ही मुलं एकाच दुपारी गेली.

मी हॉलच्या मागच्या खोलीत आणून ठेवलेल्या बॅगा उचलल्या. एक जड होती. ती आईने माझ्या हातून घेतली आणि रिक्षापर्यंत आणून दिली. मला वाटलं ती मारेल, नाहीतर "नको जाऊस" म्हणेल. ती म्हणाली, "तिथं पानी किती वाजता येतं ते विचारून ठेव." बास.

एरॉल अंकलना नॅन्सीने सगळं सांगितल्यावर त्यांनी स्वतः येऊन किल्ली दिली आणि दहा वेळा सॉरी म्हणाले. गेले तीन दिवस मी इथे आहे. सकाळी उठले की कोणाचा खोकला ऐकू येत नाही.

आता एक विचारते. मे महिन्यात मला सुट्टी आहे. तुझ्याकडे येऊ का? तुला बघायचंय. क्षितिजालाही भेटायचंय, माझी एक आतेबहीण आहे हे मला आत्ता आत्ता कळलं.

तुझीच,
तेजू


देवरुख
२ मे २०२४

चि. तेजू,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. "खोटं बोललो म्हनालो." चाळीस वर्षं मी या तीन शब्दांसाठी थांबले होते. तू मला ते आणून दिलेस. देव तुझं भलं करो.

पण तू फार थोडक्यात लिहिलंस. त्याने दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा उभा होता की बसलेला? घाम आला होता का? गासचे कोण कोण जवळ होते? त्यांनी नंतर काय म्हटलं? सगळं लिही. मी इथून केळव्याच्या, आगाशीच्या, आपल्या सगळ्या नातेवाइकांना पत्रं टाकली आहेत. ज्यांना साखरपुड्याला जाता आलं नाही त्यांनाही कळू दे.

आई फोन करेल. आजारी आहे म्हणेल, एकदा येऊन जा म्हणेल. जाऊ नकोस. एकदा गेलीस की संपलं.

इकडे एवढ्यात येऊ नकोस. पाण्याची फार टंचाई आहे. क्षितिजा तिच्या पतसंस्थेत आणि माझ्यात गुंतलेली असते. माझे कान गेल्यापासून दारावर कोण आलं, सिलेंडरवाला काय म्हणतो, डॉक्टर काय सांगतात, सगळं तीच बघते. तिला बाहेर जायची हौसही नाही. ती तुझ्यासारखी नाही.

हंसाआत्या


गोखिवरे
२३ जून २०२४

हंसाआत्या यांना,

तुम्ही येऊ नका म्हणालात तरी मी मे महिन्यात देवरुखला आले. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण तुम्ही नातेवाइकांना ते वेगळं लिहाल.

तुमच्या विहिरीला भरपूर पाणी होतं. पहिल्याच संध्याकाळी कळलं.

तुम्ही मला जवळ बसवून साखरपुड्याची गोष्ट तीन वेळा सांगायला लावलीत. माझं काम कसं चाललंय, मी काय खाते, खोलीत भीती वाटते का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी ओरडून ओरडून बोलत होते. क्षितिजाही तुमच्याशी ओरडूनच बोलते, तिचा घसा कायम बसलेला असतो.

तिसऱ्या दिवशी क्षितिजा आणि मी मागच्या दारी भांडी घासत होतो. तुम्ही पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होतात. मी तिला अगदी हळू म्हटलं, "आमच्या कंपनीत हिशेबाच्या टेबलावर एक जागा आहे. अर्ज करशील?" ती नुसतं पाणी ओतत राहिली. आणि थोड्या वेळाने तुम्ही आत येऊन म्हणालात, "वसईची हवा क्षितिजाला मानवायची नाही. खारट असते."

मी गार पडले. क्षितिजा मात्र दचकली नाही. तुम्ही बाहेर गेल्यावर म्हणाली, "आईला ऐकू येतं. मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला पुण्याला नोकरी लागली होती, त्याच आठवड्यात तिचे कान गेले."

मी विचारलं, मग तू बोलत का नाहीस?

"काय बोलू? तिला ऐकायचंच नाही."

ती एकोणतीस वर्षांची आहे, आत्या.

माझ्या बापाने खोटं सांगून माझी खोली घालवली. तुम्ही मला त्याच्याशी लढायला शिकवलंत, आणि तेव्हा तुमच्या स्वतःच्या घरात तेच चाललं होतं. माझ्या रागावर तुम्ही तुमची पोळी भाजून घेतलीत. मला त्याचं इतकं वाईट वाटलं नसतं, तुम्ही एकदा तरी "आईला भेट" म्हणाला असतात तर. माझी आई फोनवर कधीच आजारी आहे म्हणाली नाही. तिने एकदाच फोन केला, खिडकीला जाळी आहे का ते विचारायला. मी तो उचलला नव्हता. तुमच्या सांगण्यावरून. ते तिने मेसेजमध्ये लिहून विचारलं.

क्षितिजाने अर्ज केला. मी तो साहेबांपुढे ठेवला. तिला घ्यायचं म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, रोज लागले. तुमच्यासाठी लागले असं समजा. बहिणीवर माझं प्रेम आहे, पण ते कारण दुसरं होतं. पहिलं कारण तुम्ही.

ती सोमवारी सकाळी निघाली तेव्हा काय झालं ते तिने मला सांगितलं. दारातून, पाठमोरी उभी राहून, अगदी तोंडातल्या तोंडात ती म्हणाली, "आई, मी जाते." आणि तुम्ही आतल्या खोलीतून म्हणालात, "कपाटाची चावी ठेवून जा."

सगळं माहीत असूनही तिला त्या क्षणापर्यंत कधीकधी वाटायचं की आपलं चुकत असेल, आईचे कान खरंच गेले असतील. त्यानंतर तिने मागे बघितलं नाही.

आता मी, नॅन्सी आणि क्षितिजा अशा तिघी राहतो. तिचा आवाज मोकळा झालाय. मला पत्र लिहू नका.

तेजस्वी बळीराम नाईक


गास
१८ ऑगस्ट २०२४

हंसा,

बळीराम लिहितो. चाळीस वर्षांत लिहिलं नाय, आज मुद्दाम लिहितो.

माझ्या पोरीला पत्रं लिहून तूच फितवलीस हे मला केळव्याच्या मावशीकडून कळलं. तुझं पत्र तिने मला दाखवलं. गावात माझी छी थू करून तुझं पोट भरलं असेल. प्रितेश लग्न करून विरारला राहनार. तेजू येत नाय. तिची खोली मी बंद ठेवली हाय, आत कोनाला जाऊ देत नाय.

पन आता तुझं ऐक. तुझी क्षितिजा दर रविवारी माझ्याकडं जेवायला येते. पयल्यांदा आली तेव्हा अंगनात उभी राहून म्हनाली, "मामा, मी हंसाची मुलगी. आईचं घर बघायला आले." मी म्हटलं, ये. तिला वाडी दाखवली, विहीर दाखवली, बापूंचा फोटो दाखवला. मीराने, तुझ्या वहिनीने, कोळंबीचं कालवन केलं. ती दोनदा भात घेऊन जेवली. आता ती न सांगता येते. जाताना मला वाकून नमस्कार करते.

ती मला तुझ्याबद्दल विचारते. मी सांगतो. काय सांगतो ते तुला कळनार नाय. मी काही वाईट बोलत नाय. मला तुझी दया येते एवढंच बोलतो. ती ऐकते आनि गप बसते.

तेजूने तिला तुझ्याकडून नेली आनि ती माझ्या पाटावर येऊन बसली. याच्यात माझा काय दोष?

माझ्याकडं मीरा हाय. गनपती येतोय, ती आतापासून भांडी काढून बसली हाय. माझं घर चालू हाय. तुझ्या घरात कोन हाय? संध्याकाळी दिवा लावून तू कोनाशी बोलतेस?

बळीराम


देवरुख
१ सप्टेंबर २०२४

बळीदादा,

तुझं पत्र मिळालं. क्षितिजा दोनदा भात घेऊन जेवते हे वाचलं. माझ्याकडे ती एकदाच घ्यायची. तू हे मला दुखवायला लिहिलंस आणि मला दुखलं. तुझं काम झालं. आता माझं ऐक.

मीरा केळव्याला माहेरी गेलेली नाही. तुला तिने तसं सांगितलं असेल. परवा संध्याकाळी ती संगमेश्वरला गाडीतून उतरली, तिथून रिक्षाने माझ्या दारात आली. हातात एक बॅग, पायात जुन्या चपला. आम्ही दोघींनी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "तिकडे कुठंही गेले असते तरी चार दिवसांत लोकांनी मला समजावून परत पाठवलं असतं. तेजूनेसुद्धा पाठवलं असतं, या वयात माझे हाल नकोत म्हणून तिला माझी दया आली असती. मला परत न पाठवणारं एकच घर माहीत होतं."

तिने हे माझ्याबद्दल चांगलं म्हणून म्हटलेलं नाही, ते मला कळतं. मी तुझा इतका द्वेष करते की तुझी बायको तुला कधी परत देणार नाही, यावर तिचा भरवसा आहे. माझ्यावर इतका भरवसा आजवर कोणी ठेवला नव्हता. माझ्या मुलीनेही नाही.

मी तिला विचारलं, काय झालं? मारलं का? ती म्हणाली, नाही. तू तेजूच्या खोलीला कुलूप लावलंस आणि किल्ली कमरेला अडकवलीस. तिला त्या खोलीत मुलीच्या पलंगावर दुपारी थोडं आडवं व्हायचं होतं. तिने किल्ली मागितली. तू म्हणालास, "बघू." एवढंच झालं, ती म्हणाली. बत्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच काहीतरी मागत होती म्हणे.

ती पंचावन्न वर्षांची आहे. मी एकोणीसची होते, तेजू अठ्ठावीसची, क्षितिजा एकोणतीसची. सगळ्यात उशीर तिला झाला, आणि सगळ्यात शांतपणे तीच निघाली. तुला कळलंसुद्धा नाही.

काल तिने तेजूला फोन केला. दोघी बराच वेळ बोलल्या. मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिले, ऐकू नये म्हणून. मला ऐकू येतं, हे आता तुलाही कळलं असेल. तेजू म्हणाली, आई, मी येते न्यायला. मीरा म्हणाली, "नको. मला कोणी न्यायचं नाही."

शनिवारी तुझ्याकडे गणपती बसेल. नैवेद्याचं पुरण कोण शिजवणार, मोदकाची उकड कोण काढणार, मला माहीत नाही. भांडी तिने काढून ठेवली आहेत, तू लिहिलंच आहेस. रविवारी क्षितिजा येईल. तिला म्हणावं, मामी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मग तीच तुला सांगेल, कारण मीराने तिला सांगितलं आहे आणि ती तुझ्याशी काही बोलली नव्हती. तुझ्या पाटावर बसून जेवली आणि बोलली नाही. मुलगी माझीच आहे.

मीराने परत कधी जायचं, हे मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारायला येऊ नकोस. आलास तर मी दारात उभी राहीन, आणि आत जाऊन तिला विचारीन, भेटायचंय का. ती नाही म्हणाली तर तुला तेच सांगेन, मोठ्याने, म्हणजे आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल.

आत्ता ती झोपली आहे. दुपारचे चार वाजलेत. उठवायचं कोणी नाही.

हंसा